पहिल्या गाडीला फ्री-फ्लो सायलेन्सर: फायदा किती, तोटा किती?

गोदाकाठ:
125-160 सीसीची पहिली गाडी घरी आली की लगेच फ्री-फ्लो सायलेन्सर (धूर कमी अडवणारा, मोकळा) आणि पॉड फिल्टर (फिल्टरचा डबा काढून त्याजागी लावायचा उघडा फिल्टर) यांचे भाव काढले जातात. माझं ठाम मत: हातात पाच हजार असतील तर त्यातला एक रुपयाही आधी सायलेन्सरवर घालू नका. हवा आत येते ती वाट आधी नीट करा.

नाशकात अंबड-सातपूर एमआयडीसी किंवा पेठ रोडला रोज जाणं-येणं असेल तर फिल्टर मॅन्युअलमधल्या मुदतीच्या खूप आधी भरतो. निम्म्या अंतरालाच उघडून बघा. बऱ्याच कम्युटर गाड्यांत तेल लावलेलं कागदी एलिमेंट असतं. ते पेट्रोलने धुवायचं नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. तेलाचा थर गेला की बारीक धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासतात. नवं एलिमेंट साधारण दोन-तीनशेत येतं. झाकण लावण्याआधी एअरबॉक्सच्या (फिल्टरच्या डब्याच्या) इंजिनकडच्या बाजूला पांढरं फडकं फिरवा. त्याला धूळ लागली तर रबरी कड नीट बसत नाहीये, मग फिल्टर नवा असून उपयोग नाही.

त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली बारीक फट. आवाज येत नाही म्हणजे सेटिंग चांगलं, ही समजूत महागात पडते. एक्झॉस्टचा टॅपेट टाइट असेल तर आवाज येतच नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन पडतं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. इंजिन पूर्ण थंड असताना, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने), मॅन्युअलच्या मापानेच सेट करा.

एवढं करूनही पिकअप हवाच असेल तर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने लहान करा. 14 चं 13 केलं की चाकावरचा जोर जवळपास आठ टक्के वाढतो. तेवढेच आरपीएम हायवेवर चढतात आणि ॲव्हरेज थोडं पडतं, हे धरून चाला.

जेट_नीडल:
फिल्टर-टॅपेटचं सगळं मान्य. पण ती देखभाल झाली, अपग्रेड नव्हे. सेकंडहँड मार्केटमधून घेतलेल्या पहिल्या गाड्यांत कार्बोरेटरवाल्या अजून भरपूर आहेत, आणि त्यांच्यावर सायलेन्सर-जेटिंगचं काम (जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा तुकडा) स्वस्तात, घरच्या पान्यांनी होतं. कंपनीचा सायलेन्सर जड असतो. हलका बसवला की वजन उतरतं आणि इंजिन वरच्या आरपीएमला मोकळं चालतं.

लोक चुकतात ते असं की सायलेन्सर बदलतात आणि जेट तसाच ठेवतात. हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं), इंजिन तापतं, रेस सोडली की फटाके. क्रम पाळा. पाऊण ते पूर्ण थ्रॉटलला (रेसला) मेन जेट बोलतो: 112.5 असेल तर 115 लावून बघा, गरज पडली तरच 117.5. मधल्या थ्रॉटलला नीडल, म्हणजे जेटमध्ये वर-खाली होणारी सुई. सीव्ही कार्बोरेटरच्या (ज्यात रबरी डायफ्रॅम नीडल उचलतो) नीडलला बऱ्याचदा खाचा नसतात, तेव्हा तिच्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर टाकून ती उचलावी लागते. आयडलचं मिश्रण ठरवणारा स्क्रू सगळ्यात शेवटी. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा स्क्रू, बाहेर काढला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच (पेट्रोल जास्त). दोन्हींत गल्लत झाली की दिवसभर फिरवत बसा, गाडी जागेवर येणार नाही.

पॉड फिल्टरला मात्र माझाही विरोध आहे. सीव्ही कार्बोरेटरचा डायफ्रॅम एअरबॉक्समधल्या शांत हवेच्या भरवशावर उचलतो. एअरबॉक्स काढला की मधल्या रेंजला गाडी अडखळते. शिवाय इगतपुरीचा पाऊस उघड्या फिल्टरवर घ्यायचा म्हणजे पाणी इंजिनात ओढायचं.

सिडकोकर:
जेट_नीडल भाऊ, तुमचा सल्ला बीएस6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीवाल्याने वाचून वापरला तर? 1 एप्रिल 2020 पासूनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर आहे. कन्व्हर्टर बेंड पाइपमध्ये (इंजिनाकडून येणाऱ्या वाकड्या नळीत) आहे की मफलरमध्ये, ते गाडीगणिक बदलतं. मफलरमध्ये असेल तर स्लिप-ऑन (फक्त मफलरच्या जागी बसणारा सायलेन्सर) लावला की तोच निघून गेला. संथ चालीत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सेन्सर बघून मिश्रण सांभाळतो, पण पूर्ण थ्रॉटलला तो मॅपवरच, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या आकड्यांवरच चालतो. ते सुधारायला वेगळा फ्युएल कंट्रोलर लागतो, आणि त्याच्या किमतीने 'स्वस्त' हा शब्दच संपतो.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मूळ रचनेबाहेरचा बदल चालत नाही. 190(2) खाली आवाज-प्रदूषणाच्या पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स अपात्र. 80 ते 175 सीसी गाडीला निर्मितीच्या टप्प्यावर आवाजाची मर्यादा 77 डेसिबल आहे. डीबी किलर (आवाज दाबणारा आतला भाग) काढलेला सायलेन्सर कॉलेज रोडवर रात्री अकराला वाजतो तेव्हा त्या इमारतींत आजारी माणसंही झोपलेली असतात. याची कुणाला काहीच पडलेली नाही, याचा राग येतो.

जेट_नीडल:
डीबी किलर काढणाऱ्यांची बाजू मी घेतलेली नाही. बीएस6 चा मुद्दा बरोबर आहे, तिथे हात लावू नये. पण जुन्या गाडीवर शिकणाऱ्याला जेटिंगमधून इंजिन जेवढं समजतं तेवढं स्प्रॉकेट बदलून समजत नाही.

गोदाकाठ:
शिकायला हरकत नाही, पण कंपनीच्या सायलेन्सरवरच शिका. तिथेही स्पार्क प्लगचा रंग वाचता येतो: पांढरा म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. 'मोकळा पाइप म्हणजे जास्त ताकद' हे लहान सिंगल सिलिंडरला सरसकट लागू पडत नाही. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की वायूचा वेग पडतो आणि खालचा टॉर्क जातो. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये लागतो तो नेमका तोच टॉर्क.

घाटरस्ता:
दोघांनीही एक गोष्ट सोडली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. इथे मे महिन्यात लीनच्या अगदी काठावर जेटिंग केलेली गाडी कसारा घाट उतरली की खालच्या दाट हवेत लीन होते. डिसेंबरात निफाडकडच्या थंडीतही तेच. म्हणून दोन जेटांमध्ये घोळ असेल तर मोठा ठेवा.

आणि सायलेन्सर कुठल्याही कारणाने खोलला तरी इंजिनाच्या हेडकडचं गॅस्केट (सांधा बंद करणारी कडी) नवीनच टाका. जुनं दबलेलं असतं, तिथून हवा आत ओढली जाते. मग फटाके येतात आणि लोक जेटला दोष देतात. बीएस6 मध्ये हीच गळती सेन्सरला लीन वाटते आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. स्टडवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, नट थंड इंजिनावर खोला. बसवताना दोन्ही नट आलटून पालटून थोडे-थोडे आवळा. मफलरचा मागचा बोल्ट तोवर सैलच ठेवा, नाहीतर पाइप ताणात राहतो आणि ब्रॅकेटला तडा जातो. एक फेरी मारून इंजिन थंड झालं की हेडचे नट परत तपासा.