शिल्लक भ्रूण, संमती आणि सरकारी निधी

‘भ्रूण नष्ट करणाऱ्या संशोधनाला करदात्यांचा पैसा नको, ज्यांना करायचे त्यांनी खासगी निधीतून करावे’ हा भ्रूण-संशोधनाच्या चर्चेत मांडला जाणारा मुद्दा मला पटत नाही. अमेरिकेत १९९६ च्या डिकी-विकर दुरुस्तीने, म्हणजे अशा संशोधनाला केंद्र सरकारचा निधी नाकारणाऱ्या कायदेशीर तरतुदीने, नेमके हेच केले, तरीही १९९८ मध्ये शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी (शरीरातील वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी) वेगळ्या केल्याच, आणि त्या खासगी पैशावर. निधी रोखल्याने संशोधन थांबले नाही, त्यावरचा सार्वजनिक अंकुश मात्र सैल झाला.

चर्चेत न आलेली बाब आपल्या कायद्याची आहे. आयव्हीएफसारख्या वंध्यत्व उपचारांचे नियमन करणाऱ्या २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार उपचारात शिल्लक राहिलेला भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षे साठवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा, एवढेच मार्ग उरतात. म्हणजे खरा नैतिक प्रश्न ही संमती कशी घेतली जाते, हा आहे. इथे नाशिकमध्ये माझ्या चुलत बहिणीला आयव्हीएफ उपचाराच्या वेळी या संमतिपत्राचे पान शस्त्रक्रियागृहात नेण्याच्या तोंडावर, हाताला सलाइन लावलेले असताना सहीसाठी दिले गेले आणि ‘संशोधनासाठी’ या रकान्याचा अर्थ कोणीही समजावून सांगितला नाही, याचा मला आजही संताप येतो. सरकारी निधी द्यावाच, पण उपचार सुरू होण्याआधी स्वतंत्र समुपदेशकाने घेतलेल्या संमतीची अट त्याला जोडावी.