रेसच्या दिवशी घोड्याला लॅसिक्स टोचावं का?

लगाम_सैल: अमेरिकेत रेसच्या ४ तास आधी घोड्याला लॅसिक्सचं (लघवी वाढवणारं औषध) इंजेक्शन देतात, का तर जीव तोडून पळताना फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. २०२३ च्या मेपासून हिसाचे (तिथली रेसिंगची देशव्यापी नियामक संस्था) औषधांचे नियम देशभर आले, त्यात २ वर्षांचे घोडे आणि स्टेक्स रेस (वरच्या दर्जाच्या, मोठ्या बक्षिसांच्या) यांना रेसच्या दिवशी लॅसिक्सची बंदी, बाकीच्यांना अभ्यास होईपर्यंत सवलत. मी म्हणतो सरसकट बंद करा ना. ऑस्ट्रेलियात दोन्ही नाकपुड्यांतून रक्त आलं की ३ महिने सुट्टी, पुन्हा आलं की कायमचा बाद.

तबेल्यातला: नाकातून रक्त येणारे थोडेच हो, पण रेसनंतर दुर्बीण घालून बघा, बहुतेकांच्या श्वासनलिकेत कमीजास्त रक्त सापडतंच, त्या सगळ्यांना घरी बसवणार का? २००९ चा दक्षिण आफ्रिकेतला अभ्यास वाचा, १६७ घोडे, प्रत्येकाला एकदा लॅसिक्स आणि एकदा साधं सलाईन देऊन पळवलं, लॅसिक्सवर रक्तस्राव सरळ सरळ कमी.

लगाम_सैल: कमी होतो, मान्य. पण लघवीवाटे १०-१५ किलो वजनही उतरतं त्याचं काय? रक्ताचा थेंब न आलेल्या घोड्यांनाही टोचायचे ते काय प्रेमापोटी? रेसकार्डात जिकडेतिकडे लॅसिक्सचा 'एल'! एकाला खोकला म्हणून अख्ख्या गावाला काढा.

फोटोफिनिश: +१. अमेरिकेतल्या मानाच्या केंटकी डर्बीत १९६८ ला डान्सर्स इमेज, २०२१ मध्ये मेडिना स्पिरिट, दोघांचीही जिंकलेली डर्बी औषधापायी गेली. सगळे एकाच माळेचे मणी.

तबेल्यातला: फोटोफिनिश, गल्लत करताय. डान्सर्स इमेजचं ब्यूट (फेनिलब्युटाझोन) काय नि मेडिना स्पिरिटचं बीटामेथासोन काय, ती सूज-दुखणं दाबणारी औषधं, पाय दुखतोय हे घोड्याला कळलंच नाही तर तो तसाच रेटत पळणार आणि हाड मोडणार, तिथे बंदी हवीच. लॅसिक्स कार्डावर छापून देतात, चोरून नाही. आणि ते बंद केलं की रक्त येऊ नये म्हणून काही ट्रेनर आदल्या दिवसापासून पाणीच तोडतात, ते चालतं का तुम्हाला?? इंग्लंडात बंदी आहे म्हणाल, तर तिथेही ट्रेनिंगमध्ये लॅसिक्स चालतं, फक्त रेसच्या दिवशी सोवळं.

लगाम_सैल: पाण्याचा मुद्दा खरा आहे, तो मी धरला नव्हता. मग निदान दुर्बिणीत रक्त दिसलंय त्यालाच द्या.

फोटोफिनिश: आणि दुर्बीण घालणारा डॉक्टर कुणाचा, ट्रेनरचाच ना?