प्रार्थनेत मन लागत नसेल तर

केमो (कॅन्सरवरची केमोथेरपी) सुरू झाल्यापासून प्रार्थनेत मन लागत नाही, म्हणजे श्रद्धा कमी पडते का, असा प्रश्न पडतो, त्याबद्दल थोडं. बऱ्याचदा हा दोष औषधांचा असतो. केमोसोबत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉईड देतात, त्याने एक-दोन रात्री झोप उडते, चिडचिड होते. (ते सकाळी घेता येईल का, डॉक्टरांना विचारा.) अशा दिवसांत लांबलचक पाठाचा हट्ट नको. पाठातली एकच ओळ निवडा: अर्धी श्वास घेताना, उरलेली सावकाश सोडताना. पाच मिनिटं पुरे. मध्येच डोळा लागला तर उत्तमच! ओळ ठळक अक्षरांत लिहून उशाशी ठेवा, कारण रात्री तीनला पाठ असलेलंही आठवत नाही.

मागणंही लहान ठेवा. ‘पूर्ण बरं कर’ यापेक्षा ‘आजचं सलाईन नीट पार पडू दे’ हे पूर्ण झालं का ते संध्याकाळपर्यंत कळतं, धीर तिथून येतो.

उपास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, तेव्हा गर्दी टाळा, सामूहिक प्रार्थना फोनवरूनच ऐका. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त झाला तर आधी हॉस्पिटल, जप वाटेत.