रोजच्या स्वयंपाकाला एक तेल पुरतं, बाकीच्या बाटल्या हौसेच्या

सरळसोट:
तेल कोणतं वापरावं असं कुणी विचारलं की हल्ली उत्तरात पाच-सहा बाटल्या येतात. परतायला हे, तळायला ते, वरून कच्चं घ्यायला तिसरं, दर महिन्याला आलटून पालटून चौथं. शिवाय धूरबिंदूचा, म्हणजे कोणतं तेल किती तापल्यावर धुरायला लागतं याचा, तक्ता फ्रिजवर चिकटवलेला. माझं मत अगदी उलट आहे. खोलीच्या तापमानाला पातळ राहणारं, चव मानवणारं कोणतंही एक वनस्पती तेल घ्या आणि हा विषय डोक्यातून काढून टाका. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, सोयाबीन, ऑलिव्ह, कॅनोला, काहीही चालेल.

या तेलांचे आपापसातले फरक आहेत, पण ते किरकोळ आहेत. खरी दरी आहे ती यांच्यात आणि खोबरेल-लोणी-तूप-पाम या गटात. खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) असतो. लोण्या-तुपातल्या मेदात साधारण ६० ते ६५ टक्के, पाममध्ये जवळपास निम्मा. ऑलिव्हमध्ये तोच १४ टक्क्यांच्या आसपास, सूर्यफुलात १०-११ आणि कॅनोलात ७. संपृक्त मेदाने रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, चढतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीत तो दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपर्यंतच ठेवायला सांगितलंय. २००० कॅलरी खाणाऱ्याला म्हणजे जेमतेम २२ ग्रॅम, आणि त्यात दूध, मांस, बिस्किटं सगळं आलं.

तेलांच्या जातींवर वाद घालण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा जरी किती ओततो हे बघण्यात गेला तरी जास्त फायदा होईल. मेद कुठलाही असो, ग्रॅमला ९ कॅलरी. मोठा चमचा भरला की १२० कॅलरी झाल्या. बाटलीवर 'लाइट' लिहिलेलं असलं तरी तेवढ्याच. ऑलिव्ह तेलाच्या बाबतीत तर तो शब्द फक्त रंग आणि चवीबद्दल असतो.

खमंग:
सहमत नाही. तेलाचा विषय डोक्यातून काढा म्हणायचं आणि पुढच्याच परिच्छेदात तुपाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं, हे काही पटलं नाही.

तूप म्हणजे लोण्यातलं पाणी आटवून आणि बेरी गाळून उरलेला शुद्ध मेद. लोण्यात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि थोडी दुधातली प्रथिनं असतात. ती करपतात, म्हणून लोणी दीडशे-पावणेदोनशे अंशांवरच काळवंडायला लागतं. तूप मात्र अडीचशेच्या जवळ जाईपर्यंत धुरत नाही, आणि महिनोन्‌महिने बाहेर ठेवलं तरी सहसा खवट होत नाही. एवढं टिकाऊ काही असेल तर ते स्वयंपाकघरातून हाकलायचं कशासाठी? आणि वासाचं काय? तुपाचा एक चमचा जिथे पदार्थ उचलून धरतो, तिथे बिनवासाच्या तेलाचे तीन चमचे ओतूनही माझ्या जिभेला काही कळत नाही. कमी खायचं असेल तर चवीचं खा, असं माझं म्हणणं.

शिवाय तुमच्या 'पातळ तेल म्हणजे हृदयाला चांगलं' या सूत्राची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९६८ ते १९७३ या काळात मनोरुग्णालयं आणि एका वृद्धाश्रमातल्या नऊ हजारांहून जास्त लोकांवर प्रयोग झाला. एका गटाला संपृक्त मेदाऐवजी मक्याचं तेल. कोलेस्टेरॉल खरंच उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. याचं पूर्ण विश्लेषण छापून यायला २०१६ साल उजाडावं लागलं. इतकी वर्षं का लागली याचा ज्याने त्याने विचार करावा.

आकडेमोड:
मिनेसोटाचा दाखला येणार हे गृहीतच धरलं होतं. :)

त्या प्रयोगातले लोक रुग्णालयातून ये-जा करत होते. तो आहार वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ घेतलेले लोक एकूण संख्येच्या चौथ्या हिश्श्याएवढेच. हृदयविकार काही चार-सहा महिन्यांत होत नाही की टळत नाही. त्यामुळे या प्रयोगाने सूत्र सिद्धही होत नाही आणि मोडतही नाही.

एकेका प्रयोगावर कुस्ती खेळण्यापेक्षा सगळे एकत्र करून बघितलेलं बरं. वैद्यकीय प्रयोगांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये तसं केलं. संपृक्त मेद किमान दोन वर्षं कमी ठेवलेल्या प्रयोगांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरे घटना मिळून सुमारे १७ टक्क्यांनी घटल्या. एकूण मृत्यूंवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे सरळसोट यांच्या बाजूला माप झुकतं, पण त्यांनी ज्या खात्रीने लिहिलंय तेवढं नाही.

आणि काढलेल्या मेदाच्या जागी काय येतं, हेही बघा. तूप बंद करून तेवढ्याच कॅलरी मैदा-साखरेतून घेतल्या तर हृदयाला काही मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही असंपृक्त मेद किंवा तंतुमय पदार्थ त्या जागी आणा अशी आहे, नुसतं काढून टाका अशी नाही.

आमचं_घाण्याचं:
सगळे संपृक्त-असंपृक्त करत बसलेत, पण तेल काढतात कसं यावर कुणी बोलतच नाही. रिफाइंड तेल म्हणजे बियांचा चोथा हेक्झेन या द्रावकात भिजवायचा, मग आम्ल, मग कॉस्टिक सोडा, मग रंग शोषणारी विरंजक माती, आणि शेवटी वास घालवायला दोनशे अंशांच्या वर वाफ मारायची. त्यात उरलं काय? ना रंग, ना वास, ना चव. ई जीवनसत्त्वाचा काही भाग तिथेच गेला. एक तेल घ्यायला माझी हरकत नाही, पण ते घाण्याचंच घ्या.

नळी_फुंकली:
व्यवसायाने रसायनशास्त्राशी संबंध आहे म्हणून लिहितो.

हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळतं. वास काढायची पायरी त्याच्या तिप्पट तापमानाला, तीही निर्वात अवस्थेत होते. खाली राहणारं हेक्झेन नगण्य. कॉस्टिक सोडा तेलातल्या सुट्या (मेदापासून अलग झालेल्या) मेदाम्लांशी जुळून साबण होतो आणि तो धुऊन निघतो. 'कॉस्टिक' शब्द ऐकून घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

पण शुद्धीकरणात काहीच वाईट होत नाही, असं मी म्हणणार नाही. दोनशे अंशांच्या वर ग्लिसिडिल एस्टर आणि ३-एमसीपीडी नावाची संयुगं तयार होतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये त्याबद्दल इशारा दिला, आणि सगळ्यांत जास्त प्रमाण पामतेलात सापडलं होतं. २०१८ मध्ये युरोपने ग्लिसिडिल एस्टरवर मर्यादा घातली. तेव्हा तुमची शंका निराधार नाही, फक्त ती चुकीच्या पायरीवर आहे.

आता घाण्याची दुसरी बाजू. शेंगदाण्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृताला घातक. शुद्धीकरणातल्या सोडा आणि मातीच्या पायऱ्यांत ते जवळजवळ सगळं निघून जातं. घाण्यात तसं काही होत नाही. तिथे दाणा चांगला निवडलेला असणं हाच सगळा आधार. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी तर घाण्याच्या तेलापासून दूरच राहावं, त्यात प्रथिनं उरतात.

आमचं_घाण्याचं:
दाणा निवडलेला असतो की नाही हे मी डोळ्यांनी बघू शकतो. कारखान्याच्या टाकीत डोकावता येतं का? चव तर तुम्ही बाजूलाच ठेवलीत.

उलटतपासणी:
ओमेगा-६ या असंपृक्त मेदाम्लांबद्दल कुणी बोलणार आहे की नाही? सूर्यफूल, करडई, सोयाबीन, मका यांत ते भरमसाट. शरीरात सूज वाढते. या बियांची तेलं माणसाच्या आहारात इतक्या प्रमाणात आली ती गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत.

आकडेमोड:
या तेलांतलं मुख्य ओमेगा-६ म्हणजे लिनोलेइक आम्ल. त्यापासून सूज आणणारी संयुगं बनू शकतात, इथपर्यंत बरोबर. पण माणसांना जास्त लिनोलेइक देऊन रक्तातले सूजेचे निर्देशक मोजले, तेव्हा ते वाढलेले दिसले नाहीत. कागदावरची साखळी आणि शरीरात घडणारं यात फरक पडतो तो असा. आणि हे आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही, आहारातून घ्यावंच लागतं. १९२९ पासून माहीत असलेली गोष्ट आहे.

शंभर वर्षांत आलेल्या ज्या गोष्टीने खरोखर घात केला ती वेगळीच. १९०२ मध्ये पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायचं पेटंट निघालं. त्यातून वनस्पती तेलाचं मार्गारिन आणि वनस्पती तूप आलं, आणि अर्धवट हायड्रोजनीकरणातून ट्रान्स फॅट. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर मर्यादा घातली, इतर देश मागोमाग आले. या एका बाबतीत इथल्या सगळ्यांचं एकमत व्हायला हरकत नसावी.

कढईवाली:
एकमताची एवढी घाई नको. सरळसोट, तुमचं 'काहीही चालेल' कढईपाशी येऊन अडतं.

परतायला ठीक आहे, दहा मिनिटांत काम संपतं. तळण वेगळं. १७०-१९० अंशांवर तेल तासभर हवेत उघडं, त्यात पदार्थातलं पाणी सतत सुटतंय. अशा वेळी असंपृक्तपणाच तेलाच्या मुळावर येतो. लिनोलेइक आम्ल हे शेंगदाणा-ऑलिव्हमध्ये जास्त असणाऱ्या ओलेइक आम्लाच्या साधारण दहा-बारा पट वेगाने हवेशी संयोग पावतं. म्हणून साध्या सूर्यफुलात चार घाणे तळले की कढईच्या काठावर तो पिवळा चिकट थर बसतो. घासून घासून हात दुखतात. तो थर म्हणजे एकमेकांत जुळून गेलेलं तेलच. शेंगदाणा किंवा ऑलिव्हमध्ये हे बरंच उशिरा होतं.

धूरबिंदूचा तक्ता फाडून टाका, यावर मात्र तुमच्याशी सहमत. रिफाइंड सूर्यफुलाचा धूरबिंदू एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्हपेक्षा वरचा, पण तापवत ठेवल्यावर आधी बिघडतं ते सूर्यफूलच. धूर कधी निघणार हे सुट्या मेदाम्लांवर ठरतं, तेल टिकणार किती हे मेदाच्या जातीवर. तक्त्यात पहिलंच दिसतं. हल्ली ओलेइक जास्त असलेलं सूर्यफूल तेलही मिळतं. नाव तेच, स्वभाव पार निराळा. तेव्हा माझ्या घरी दोन बाटल्या राहणार. एक तळणाची, एक बाकीची.

सरळसोट:
मुद्दा दमदार आहे, पण त्यातून दुसरी बाटली निघत नाही. तळायला शेंगदाणा चालतो ना? मग परतायलाही तोच घ्या. उरली एकच.

आणि बाटल्या वाढल्या की काय होतं बघा. झाकण उघडलं त्या दिवसापासून तेल हवेशी झुंजत असतं. एक बाटली महिन्यात संपते. पाच असल्या की प्रत्येक पाच महिने उघडी, त्यातही शेगडीशेजारी, उजेडात. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक हे हवेत आणखी लवकर बिघडणारं आम्ल असतं. ते तर फ्रिजबाहेर ठेवूच नये आणि तापवूही नये. आरोग्यासाठी आणलेली ती बाटली मागच्या रांगेत जाते, आणि जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागला तरी 'महाग होतं' म्हणून वापरली जाते.

खमंग:
जवसाचं सोडा, तुपाला उत्तर आलंच नाही. महिनोन्‌महिने टिकतं, धुरत नाही, चिकट थर बसत नाही. तुमच्याच निकषांवर तळणाला पहिला नंबर त्याचा.

आकडेमोड:
टिकाऊपणाच्या निकषावर हो. पण टिकाऊपणा संपृक्त मेदामुळेच येतो, आणि तळलेल्या पदार्थाबरोबर तो पोटात जातो. एकाच गुणधर्माचे हे दोन परिणाम आहेत, त्यातला एकच निवडता येत नाही. वरून चमचाभर घ्या, त्याला कुणाची हरकत नाही.

खमंग:
म्हणजे तूप वरून घ्यायला चांगलं, हे तरी मान्य. नोंदवून ठेवते.

नळी_फुंकली:
एक गोष्ट राहिली, धूर. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने उच्च तापमानाच्या तळणातून निघणाऱ्या धुराला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता जास्त' या २-अ गटात टाकलं आहे. तेल कोणतं, याच्याआधी डोक्यावरचा पंखा चालू आहे का हे बघा. ज्या घरात रोज तळण आहे आणि खिडकी बंद, तिथे घाण्याचं की रिफाइंड हा वाद मला तरी गमतीचा वाटतो.

नवशिका_आचारी:
तळून उरलेलं तेल गाळून पुन्हा वापरावं का? इथे वाचून आणखीच गोंधळ झाला.

कढईवाली:
गार झाल्यावर लगेच गाळा. तळाशी राहिलेला चुरा पुढच्या वेळी आधी करपतो आणि तेल लवकर खराब करतो. अंधारात, झाकण घट्ट लावून ठेवा, आणि शक्यतो पुढच्या वेळी परतण्यात संपवा. तेल दाट झालंय, फेस येऊन बसत नाही, आधीपेक्षा लवकर धुरतंय, यातलं एक जरी दिसलं तरी टाकून द्या. बऱ्याच देशांत व्यावसायिक तळणाला ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल बिघडताना तयार होणाऱ्या पदार्थांची, २४ ते २७ टक्क्यांची मर्यादा असते. घरी मोजता येत नाही, पण ही लक्षणं पुरतात. जुन्यात नवं ओतून मात्र ठेवू नका, नवंही लवकर बिघडतं.

सरळसोट:
सगळ्यांना एक हिशेब सुचवतो. महिन्यात घरात किती तेल-तूप संपलं, भागिले माणसं, भागिले ३०. चार माणसांत तीन लिटर संपत असेल तर माणशी दिवसाला सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी, आणि बाहेरचं खाणं यात धरलेलंच नाही. तो आकडा इथे लिहा, मग जातीवर बोलू.

कढईवाली:
लिहिते की. पण तळून टाकून दिलेलं तेल त्यातून वजा करायचं, आणि ते किती ते तुम्ही सांगितलेलं नाही. तुमच्या एका बाटलीत सगळं करणाऱ्याचा आकडा त्यामुळेच फुगणार. तळणाची बाटली वेगळी असली की ती बाजूला काढून मोजता येते.

सरळसोट:
बाटली वेगळी नको, उरलेलं तेल टाकण्याआधी वजनकाट्यावर ठेवा.