मदत हवी आहे: २९ आठवड्यांचं बाळ, आतड्याला सूज. कारण नेमकं काय?

नमस्कार. बहिणीचं बाळ सातव्या महिन्यातच झालं, वजन ११०० ग्रॅम. इथेच सोलापुरात एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत नळीने दिलेलं दूध पचत होतं, वजनही चढत होतं. परवा पोट एकदम फुगलं, नळीतून हिरवट पाणी आलं, शीमध्ये रक्त दिसलं. एक्सरेत आतड्याच्या भिंतीत हवा दिसली. आजार एनईसी, म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. दूध पूर्ण बंद, पोषण शिरेतून, अँटिबायोटिक चालू. आतड्याला छिद्र पडलं तर ऑपरेशन, असं सांगितलंय.

उपचारांबद्दल शंका नाही. त्रास घरचा आहे. बहिणीच्या सासूबाईंचं म्हणणं, हिने शेंगाची चटणी खाल्ली ती बाळाला बाधली. (शेंगाची चटणी न खाणारी बाळंतीण सोलापुरात कुठून आणायची?) बहीण वेगळंच धरून बसलीय. सुरुवातीला दूध उतरेना म्हणून पावडरच्या दुधाला तिने होकार दिला होता, त्यानेच झालं म्हणते. आता दूध काढतही नाही. "बाळाला देतच नाहीत तर कशाला?"

हे खरंच कशाने होतं? कुणी जाणकार सांगेल का?

शेंगाभाकरी: ताई, आमच्या पुतणीला झालं होतं. ऑपरेशन न करता बरी झाली, आता बालवाडीत दंगा घालते. सासूबाईंना एकदा डॉक्टरांसमोर बसवा. आपलं कोण ऐकतंय ओ!

बालरोगवाला: नवजात शिशू विभागात काम करतो. बाळ न पाहता त्याच्याबद्दल बोलणार नाही, आजाराबद्दल सांगतो.

चटणीचा काही संबंध नाही. एकच एक कारणही नसतं, पण मूळ आहे वेळेआधीचा जन्म. अशा बाळाच्या आतड्याचं अस्तर विरळ विणलेल्या कापडासारखं असतं आणि हालचालही मंद, त्यामुळे जंतू भिंतीत शिरतात. जंतूंची चाहूल घेणारा टीएलआर-४ हा पेशींवरचा ग्राही (रिसेप्टर) कच्च्या आतड्यात जरा जास्तच तापट. सूज भडकते, तिथला रक्तपुरवठा आटतो आणि तो भाग मरू लागतो. पोटात कोणते जंतू वस्ती करतात यावरही बरंच ठरतं. अँटिबायोटिक फार दिवस चालली की ती वस्ती बिघडते.

आता पावडर. गोड बोलून उपयोग नाही, तिने धोका वाढतो. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश अभ्यासात फक्त पावडरच्या दुधावरच्या बाळांत हा आजार फक्त आईच्या दुधावरच्यांपेक्षा सहा ते दहा पट दिसला. पण निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळांनाही तो होतो, त्यामुळे या बाळाला पावडरनेच झाला असं कुणीच म्हणू शकत नाही. आईचं दूध नसेल तर दूध बँकेतलं पाश्चराइज केलेलं दूध बरं. आशियातली पहिली अशी बँक १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात निघाली, पण आजही ती सोय सगळीकडे नाही. दूध उतरलं नव्हतं, तेव्हा अकराशे ग्रॅमचं बाळ उपाशी ठेवायचं होतं का?

दूध काढणं मात्र थांबवू नका. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. नाही काढलं तर आटेल, आणि पोट निवल्यावर बाळाला पहिलं तेच हवंय. साठवायचं कसं ते सिस्टर सांगतील. घुटी, मध, गुळपाणी काही नको. प्रोबायोटिकची (चांगल्या जंतूंची) पुडीही स्वतःच्या मनाने नको, अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये इशारा दिलाय. बरं झाल्यावरही काही आठवड्यांनी आतडं कुठेतरी आकसू शकतं. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली तर लगेच दाखवा.

धागाकर्ती: डॉक्टर, खूप आभार. बहिणीला दोनदा वाचून दाखवलं. सासूबाई चटणीवर ठाम आहेत, पण पंप आणायला दिराला त्यांनीच पिटाळलंय. मेडिकलमध्ये हाताचा आणि विजेचा असे दोन आहेत, विजेचा बराच महाग. हाताचा चालेल का?