एफडी करायला गेले, पॉलिसी घेऊन आले
तुमचे वडील बँकेत एफडी रिन्यू करायला गेले आणि विमा पॉलिसी घेऊन आले, हे वाचून आमची आत्याच आठवली. तिलाही ‘ठेवच आहे हो मावशी, व्याज जास्त’ असं सांगून सह्या घेतल्या होत्या.

पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून ३० दिवस ‘फ्री लुक’ असतो (२०२४ आधी साधारण १५च असायचे). तेवढ्यात रद्द केली तर किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. अर्ज थेट विमा कंपनीकडे द्या, पोच घ्या. बँकेतला माणूस ‘बघतो काका’ म्हणत दिवस घालवतो. मुदत उलटली असली तरी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा. मुंबई-पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

पॉलिसी कधी हातात आली, ते आधी सांगा.