नव्या कंपनीची इलेक्ट्रिक गाडी ‘रिव्ह्यूनंतर सुधारली’ म्हणतात, साताऱ्यातल्या रस्त्यांवर ते कसं तपासायचं?

शाहूनगर_सातारा:
नमस्कार मंडळी. एका नव्या कंपनीची इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायचा विचार चाललाय. ही गाडी आधी परदेशात विकायला आली तेव्हा समीक्षकांनी तिला चांगलंच झोडपलं होतं. गाडी होडीसारखी डोलते, स्क्रीन अडकते, लेनचे इशारे उगाच वाजत राहतात, ब्रेकचा अंदाज येत नाही. शोरूमवाले म्हणतात, ते सगळं जुनं झालं, सॉफ्टवेअर अपडेटने सुधारलंय. वापर म्हणाल तर रोज गावातच तीसेक किलोमीटर, महिन्यातून दोनदा पुणे, एकदा सांगली आणि पावसाळ्यात कास. टेस्ट ड्राइव्हला गाडी दोन तास देणार आहेत, रस्ता मी ठरवायचा. यातलं सॉफ्टवेअरने खरंच काय सुधारतं, काय नाही? आणि त्या दोन तासांत नेमकं काय बघू? घरी सिंगल फेज मीटर आहे.

शॉकअप_कराड:
दादा, चारही तक्रारींना एकच उत्तर चालत नाही. स्क्रीन आणि इशारे सॉफ्टवेअरचे. ब्रेकचं निम्मं सॉफ्टवेअर, निम्मं टायर-पॅड. डोलणं मात्र लोखंड, तेल आणि रबराचं काम आहे. साधे शॉकअप असलेल्या गाडीत ते मोबाइल नेटवर्कवरून येणाऱ्या अपडेटने जाऊच शकत नाही.

ब्रेकसाठी टेस्लाचं उदाहरण बघा. मे २०१८ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक-चाचणी संस्थेच्या चाचणीत मॉडेल ३ ला ताशी ६० मैलांवरून, म्हणजे साधारण ९७ किमी वेगावरून, थांबायला १५२ फूट लागले. कंपनीने काही दिवसांतच एबीएसचं (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) सेटिंग बदलून अपडेट पाठवलं आणि तीच गाडी १३३ फुटांत थांबली. एकही पार्ट न बदलता १९ फूट वाचले. तेव्हा ‘अपडेटने ब्रेक सुधारले’ हा दावा खरा असू शकतो.

डोलण्याचं कारण वेगळं. बॅटरीचंच वजन चार-पाचशे किलोच्या घरात जातं, म्हणून स्प्रिंग कडक घ्यावी लागते. त्या स्प्रिंगला शॉकअपच्या परतीच्या स्ट्रोकने आवरलं नाही, तर खड्ड्यातून निघाल्यावर बॉडी वर उसळते आणि दोन-तीन झोके खाऊनच थांबते. मागे बसलेल्याला मळमळतं ते यामुळे. इलाज म्हणजे शॉकअपची आतली व्हॉल्व्ह बदलणे, कधी स्प्रिंग किंवा सांध्यातले रबरी बुशही. म्हणून शोरूमवाल्यांना थेट विचारा: शॉकअपचा पार्ट नंबर बदललाय का, आणि कोणत्या महिन्याच्या बनावटीपासून?

तपासायची पद्धत. निघण्याआधी टायरची हवा थंड टायरवर मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी जुळवा. वाहतुकीसाठी हवा जास्त भरलेली असते आणि कधीकधी तशीच राहते. पाच-सहा पीएसआय जास्त असेल तर चांगली गाडीही टणटणते आणि तुम्ही दोष शॉकअपला द्याल. मग मागे दोन मोठी माणसं बसवा. एकट्याने चालवून डोलणं नीट कळत नाही. महामार्गावर ८० च्या वेगाने पुलाच्या सांध्यांवरून जा. सांधा ओलांडला की बॉडी एका झोक्यात बसली पाहिजे. नंतर गावात २० ते २५ च्या वेगाने एकाच बाजूचं चाक खड्ड्यात जाऊ द्या. डोकं डावी-उजवीकडे फेकलं जातंय का ते मागच्यांना विचारा. चालवणाऱ्यापेक्षा त्यांचं मत जास्त धरा.

मिरज_ईव्ही:
वरचं शॉकअपचं अगदी बरोबर. मी स्क्रीन आणि इशाऱ्यांचं सांगतो.

अशा गाड्यांचं ठळक उदाहरण व्हिएतनामच्या विनफास्टचं. २०२३ मध्ये अमेरिकेत त्यांच्या व्हीएफ ८ वर अशीच टीका झाली. स्क्रीन बंद पडण्याच्या शक्यतेमुळे ९९९ गाड्या रिकॉलमध्ये (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने परत बोलावल्या त्यात) आल्या आणि दुरुस्ती सॉफ्टवेअरनेच झाली. आज तीच कंपनी तमिळनाडूत तुत्तुकुडीला गाड्या बनवते. परदेशातल्या पहिल्या तुकडीचे रिव्ह्यू वाचून इथल्या वेगळ्या मॉडेलवर शिक्का मारू नका, पण तक्रारींची यादी खिशात ठेवा.

सगळे आवाज दोषाचे नसतात. आपल्याकडे ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा वेगाचा इशारा नियमानेच आहे, सीटबेल्टचाही. ते कोणतीच कंपनी काढून देणार नाही. बघायचं ते लेनचं आणि पुढच्या धडकेचं. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढायला मिळतो, तिथे वळणावरचं लोखंडी कठडं समोर आल्यावर गाडी ‘धडक होईल’ म्हणून ओरडते का, स्वतःहून ब्रेक मारते का ते बघा. एकदा चुकीचा इशारा आला तर सोडून द्या. त्याच वळणावर दोनदा आला तर सेटिंग अजून कच्चं आहे. लेन असिस्ट बंद करायला किती वेळा बोट लावावं लागतं आणि गाडी बंद-चालू केल्यावर ते पुन्हा आपोआप सुरू होतं का, हेही बघा. रोजचा वैताग त्यातच असतो.

सांगलीला जाणार म्हणून आवर्जून सांगतो. गळीत हंगामात रात्री ऊसाच्या जोड-ट्रॉलीमागे या यंत्रणेवर विसंबू नका. ऊस ट्रॉलीच्या मागे बराच बाहेर आलेला असतो, रिफ्लेक्टर झाकलेले असतात. सेन्सरला ट्रॉली दिसली तरी अंतर तो तिच्या लोखंडापर्यंत मोजू शकतो, मागे बाहेर आलेल्या ऊसापर्यंत नाही. ही मर्यादा अपडेटने जाईल अशी आशा धरू नका.

स्क्रीनसाठी गाडी पूर्ण बंद करून दहा मिनिटं तशीच ठेवा, मग चालू करून लगेच रिव्हर्स टाका. कॅमेऱ्याचं चित्र दोन-तीन सेकंदांत आलं पाहिजे. नकाशा, गाणी आणि एसी एकदम चालवून बघा. सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक असलेल्या पानाचा फोटो काढा. शेवटी जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे गाडी लॉक करून कार्डाने किंवा चावीने उघडून सुरू करा. कास-बामणोलीकडे अशा जागा भरपूर. फिस्कर कंपनीच्या ओशन गाडीवर फेब्रुवारी २०२४ मध्ये कडक रिव्ह्यू आला, सुधारित सॉफ्टवेअरही आलं, पण जूनमध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली. कंपनीच्या सर्व्हरवाचून गाडी किती चालते हा प्रश्न नव्या कंपनीला विचारायलाच हवा.

पसरणी_घाट:
घाटाचं आणि चार्जिंगचं राहिलं.

रेंजचा आकडा सुधारला म्हणतात, तो कासच्या चढावर तपासा. साताऱ्याहून कास साधारण पाचशे मीटर उंच. माणसांसकट दोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला नुसत्या चढाचे अंदाजे ३ युनिट लागतात, रस्त्याचे वेगळे. उतरताना त्यातले दीड ते पावणेदोन परत आले तर रीजेन, म्हणजे वेग कमी होताना मोटरने वीज बॅटरीत परत भरणं, ठीक आहे. निघताना, वर पोहोचल्यावर आणि परत आल्यावर बॅटरीचे टक्के लिहा. चढावर ‘उरलेले किलोमीटर’ धडाधड पडणं साहजिक आहे. उतरल्यावर तो आकडा सावरला नाही तर मात्र अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर कच्चं.

उतारावर ब्रेक पेडल हलकं दाबून धरा. रीजेनकडून पॅडकडे काम जाताना झटका बसतो का बघा. ‘ब्रेकचा अंदाज येत नाही’ म्हणतात ते बहुतेक इथलंच, आणि हे सॉफ्टवेअरने सुधारतं. एक खबरदारी कायमची: महाबळेश्वर-पाचगणीला शंभर टक्के चार्ज करून पसरणी उतरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज घालायला जागाच नसते, रीजेन जवळपास बंद होतं आणि सगळा भार पॅडवर येतो. वर ८५ टक्क्यांवर थांबा.

फास्ट चार्जिंगला बॅटरी २० टक्क्यांखाली असताना लावा आणि दर पाच मिनिटांनी किलोवॅट लिहा. जाहिरातीतला वेळ १० ते ७० टक्क्यांचा आहे की १० ते ८० चा, हे आधी वाचा. त्याच चार्जरच्या शेजारच्या गनला (चार्जिंगच्या प्लगला) दुसरी गाडी असेल तर पॉवर वाटली जाते, तो दोष गाडीचा नाही.

घरी ७.२ किलोवॅटच्या चार्जरला ३२ अँपिअर लागतात. मीटरपासून वेगळी ६ चौरस मिमी तांब्याची केबल, अंतर जास्त असेल तर १० ची, ४० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचं गळती संरक्षण आणि स्वतंत्र अर्थिंग. आधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या. ‘गाडी रात्री चार्जिंग सोडते’ या तक्रारीत बऱ्याचदा अर्थिंग किंवा कमी व्होल्टेज सापडतं. तसं झालं तर गाडीतून करंट १६ वर आणून बघा. चार्जिंग टिकलं तर दोष वायरिंगचा किंवा व्होल्टेजचा धरा.

शाहूनगर_सातारा:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. एकच शंका. डेमो गाडी सुधारलेली आणि मला मिळणारी जुन्या साठ्यातली, असं झालं तर कसं ओळखायचं?

शॉकअप_कराड:
पैसे पूर्ण भरायच्या आधी तुमच्या नावाची गाडी यार्डात दाखवायला सांगा. चेसिस प्लेटवरून बनावटीचा महिना-वर्ष बघा. चाक पूर्ण वळवून मोबाइलच्या उजेडात पुढच्या शॉकअपवरचा नंबर वाचा आणि डेमो गाडीच्या फोटोशी जुळवा. बहुतेक वेळा शेवटचं अक्षर किंवा आकडा बदललेला असतो. रॉडभोवती तेलाचा ओलावा नको. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी मोजायला लावा. काही तास बंद गाडीत १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा मोजायला सांगा, उतरतच असेल तर बदलून मागा. ती कमजोर असली की अपडेट अर्ध्यात अडकतं आणि स्क्रीनवर नाही नाही ते दोष दिसतात. शॉकअपचा नंबर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बुकिंग फॉर्मवर लिहून सही-शिक्का घ्या. नुसत्या तोंडी बोलण्यावर गाडी उचलू नका.